घराचं वेळापत्रक एकाच बाईच्या डोक्यात किती दिवस?

रेणाकाठची (लातूर)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस मनात घोळणारा विषय आज मांडते.

घरकामाच्या वाटपावर आपल्याकडं आता बोलणं होतं, आणि थोडं थोडं सुधारतंयही. आमच्याकडं हे भाजी चिरून देतात, भाऊजी टाकी भरतात, पोरगा सिलिंडर बदलतो. पण लक्षात ठेवायचं काम मात्र कुणीच वाटून घेत नाही. भाजी चिरणारा माणूस मला विचारतो, "आज कोणती चिरू?" टाकी भरणारा विचारतो, "नळ आज आहे का उद्या?" सिलिंडर लावणारा विचारतो, "नंबर लावला होतास ना?" हात त्यांचे, पण डोकं माझंच चालायला पाहिजे.

केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायकांचा दिवसाला सरासरी २८९ मिनिटं वेळ बिनपगारी घरकामात जातो, पुरुषांचा ८८ मिनिटं. २०१९ च्या सर्वेक्षणात हेच आकडे २९९ आणि ९७ होते. बायकांचे दहा मिनिटं कमी झाले आणि पुरुषांचेही नऊ कमी झाले, म्हणजे अंतर जिथल्या तिथं. आणि हे झालं हाताच्या कामाचं. ऑफिसात बसल्या बसल्या मामंजींची बीपीची गोळी शुक्रवारी संपणार हे मी मनात धरून ठेवते, त्याला कोण काम म्हणतं?

घरात आम्ही सात जण. मामंजी, आत्याबाई, आम्ही दोघं नोकरीवाले, भाऊजी (शेती बघतात, निम्मा आठवडा औशाकडं गावी), मुलगा अकरावीत नीटची तयारी करतो, मुलगी चौथीत. मुलाची बॅच पहाटेची. मुलीची शाळा उशिरा, कारण चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा शासनाचा निर्णय २०२४-२५ पासून लागू झाला. लेकरांसाठी चांगलंच झालं, पण घरात आता दोन सकाळी होतात. दोन डबे, दोन आंघोळी, दोन वेळा चुरमुऱ्यांचा सुशीला नाहीतर पोहे. त्यात नळाचा दिवस मध्येच येतो. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, ते लातूरकर विसरू शकत नाहीत. तेव्हापासून आमच्या घरात पाहुणे कधी बोलवायचे, गोधड्या कधी धुवायच्या, हे सगळं पाण्यावरून ठरतं.

तर मी काय केलं ते सांगते. बैठकीतून स्वयंपाकघरात जाताना जी भिंत लागते तिथं पांढरा फळा लावला. तीन भाग. पहिला 'आज'. दुसरा 'येणारे आठ दिवस'. तिसरा, आणि माझ्या मते सगळ्यात कामाचा, 'संपत आलंय'. चहापत्ती तळाला गेलेली ज्याला दिसली त्यानं तिथं लिहायचं. रिचार्ज संपायला आला, गोळ्यांचं शेवटचं पान उघडलं, गॅसचा दुसरा सिलिंडर जोडला, सगळं तिथं.

नियम दोनच ठेवले. एक, नाव नसलेली ओळ लिहायची नाही. 'डोळ्याच्या डॉक्टरकडं जायचं' ही ओळ कुणाचीच नसते, म्हणून ती शेवटी माझी होते. 'डोळ्याचे डॉक्टर, मंगळवार, हे नेणार' असं लिहिलं की ती यांची झाली. दुसरा, फळ्यावर आहे ते मला विचारायचं नाही. हा नियम पाळायला मलाच जास्त जड गेलं. विचारलं की तोंडातून उत्तर आपोआप बाहेर पडतं. आता मी फक्त फळ्याकडं बोट करते.

तीन गोष्टी मात्र अजून सुटल्या नाहीत. आत्याबाईंना वाचता येत नाही, म्हणजे घरात सगळ्यात जास्त वेळ असणारं माणूसच फळ्याच्या बाहेर राहतं. भाऊजींच्या शेतातल्या पाण्याच्या मोटारीची वेळ आठवड्याला बदलते. आणि तिथीनं येणारे दिवस कुठं, कसे लिहायचे? तुम्ही घरी कसं करता ते सविस्तर सांगा.

वाळूजकर (छत्रपती संभाजीनगर)

ताई, विषय अगदी जवळचा. कंपनीत आम्हाला तीन पाळ्या फिरत्या असतात. एक आठवडा पहिली, एक दुसरी, एक तिसरी. पूर्वी दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात मी घरी यायचो तेव्हा पोरं झोपलेली असायची आणि सकाळी ती शाळेत जायची तेव्हा मी झोपलेलो. एकाच खोलीत राहून आठवडाभर बोलणं नसायचं.

फळ्याच्या जोडीला फोनमधलं गुगल कॅलेंडर वापरून बघा. त्यात 'दर आठवड्याला' या ठरीव पर्यायाऐवजी स्वतःचं ठरवून 'दर तीन आठवड्यांनी, सोमवार ते शनिवार' असं लावता येतं. मी तीन नोंदी केल्या, तिन्ही पाळ्यांच्या, प्रत्येकीचा रंग वेगळा. एकदा लावलं की पुढच्या दिवाळीत माझी कोणती पाळी आहे हे आजच दिसतं. मेव्हण्याच्या लग्नाची तारीख ठरायच्या आधी सासऱ्यांनी मला फोन केला, आणि मी दोन मिनिटांत सांगितलं की त्या आठवड्यात पहिली पाळी आहे, संध्याकाळी हळदीला येतो. गुगलचा परिवार गट केला तर सहा जणांपर्यंत एकच कॅलेंडर आपोआप सगळ्यांना दिसतं. बायको, मी, मोठी मुलगी आणि गावाकडं भाऊ, एवढ्यांना पुरतं.

पण फोनमधलं आईला दिसत नाही, म्हणून तिसऱ्या पाळीच्या आठवड्यात दारावर पुठ्ठ्याचं घड्याळ अडकवतो. काटा फिरवून मी उठायची वेळ लावतो. शेजारच्या बायका, कुरिअरवाला, गॅसवाला, सगळ्यांना कळतं की त्या वेळेपर्यंत बेल वाजवायची नाही. तुमच्या आत्याबाईंना घड्याळ कळत असेल तर हे जमेल.

आणखी एक. पाळी कोणतीही असो, दिवसातला एक वेळ मी पोरांसाठी ठरवलेला असतो आणि तो पाळीबरोबर बदलतो. दुसऱ्या पाळीला मी त्यांना शाळेत सोडायला जातो, झोप मोडली तरी. तिसऱ्या पाळीला रात्री निघायच्या आधी एकत्र जेवतो. ही वेळ कॅलेंडरमध्ये पाळीच्याच रंगात लिहिलेली आहे. लिहिली नव्हती तोवर ती रोज कुठल्या तरी कामात जायची.

सेलूचे आजोबा (परभणी)

लेकीनं विषय चांगला काढला. तिथीचा प्रश्न मी घेतो.

माझ्या लग्नानंतर थोड्याच वर्षांत, १९७३ मध्ये, जयंतराव साळगावकरांनी कालनिर्णय सुरू केलं. त्याआधी आमच्या वाड्यात पंचांग एकट्या वडिलांजवळ असायचं आणि एकादशी कधी, श्राद्ध कधी, हे त्यांनाच विचारावं लागायचं. भिंतीवर दिनदर्शिका आली तशी ती माहिती सगळ्यांची झाली. आमच्या मंडळींनी त्याच पानावर दुधाचे खाडे मांडले, धोब्याचे कपडे मांडले, लेकींची बाळंतपणं मांडली. तुमचा फळा म्हणजे त्याचंच पुढचं पाऊल आहे, म्हणून मला तो पटला.

आता फोनचं. फोनमध्ये 'दरवर्षी' असं लावलं की ते इंग्रजी तारखेनं पुन्हा येतं. वाढदिवसाला चालेल. पण वडिलांचं श्राद्ध, कुळधर्म, महालक्ष्म्या (गौरी), येळवस (वेळ अमावास्या), मुक्कामाच्या जत्रा हे सगळं तिथी-नक्षत्रावर. महालक्ष्म्यांचंच घ्या. आवाहन अनुराधा नक्षत्रावर, पूजन ज्येष्ठावर, विसर्जन मूळावर. दरवर्षी तारीख हलणारच. त्यात अधिक महिना आला की सगळंच पुढं सरकतं. २०२३ ला अधिक श्रावण होता. २०२६ ला अधिक ज्येष्ठ आहे, १७ मे ते १५ जून. त्यामुळं त्या वर्षी पुढचे सगळे सण आधीच्या वर्षापेक्षा उशिरा. फोननं गेल्या वर्षीचीच तारीख वाजवली आणि ती धरून कुणी रजा टाकली तर रजा वाया जाते.

आमच्या घरी नवी दिनदर्शिका आली की एक संध्याकाळ सगळे बसतात. मी तिथ्या वाचतो, नातू फोनमध्ये त्या वर्षापुरत्या तारखा टाकतो, सूनबाई लाल पेनानं भिंतीवरच्या पानावर खूण करतात. त्याच बैठकीत १७ सप्टेंबर, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन, हाही लिहितो, कारण त्या दिवशी मला शाळेत झेंडावंदनाला बोलावतात आणि सकाळी लवकर न्यायला कुणीतरी लागतं. वर्षाचं एकदा बसून करावं. रोज रोज तिथी शोधायची पाळी येत नाही.

कयाधू (हिंगोली)

मोटारीच्या वेळेबद्दल.

शेतीच्या फिडरला (विजेच्या लाइनीला) मोटारीपुरती थ्री फेज वीज दिवसपाळी आणि रातपाळी अशी आलटून पालटून येते, हे इथल्या सगळ्यांना माहीत आहे. पण घरातल्या बायांना ते बहुतेक वेळा माहीत नसतं, कारण गडीमाणूस सांगत नाही. "मी शेतात चाललो" एवढंच. किती वाजता, कोणत्या विहिरीवर, कोण सोबत, काही नाही. हरभऱ्याला पाणी द्यायच्या दिवसांत थंडी, अंधार, पायाखाली इचूकिरडूक, स्टार्टरमध्ये करंट. माझ्या मते घराच्या वेळापत्रकातली सगळ्यात महत्त्वाची ओळ हीच आहे, डबा आणि क्लास नंतर.

आमच्याकडं ठरलेलं आहे. रातपाळीच्या आठवड्याला स्वयंपाकघराच्या दारावर बॅटरी टांगायची, दिवसपाळीला ती आत कपाटात. दारावर बॅटरी दिसली की लहान पोरालाही कळतं, या आठवड्यात बाबा रात्री जाणार. वाचता येण्याची गरजच नाही. रात्री जाणाऱ्यानं बूट घालायचे, कुठलं शिवार ते सांगायचं, पोचल्यावर एक मिसकॉल द्यायचा आणि निघताना एक. रेंज नसेल तर पोचायच्या आधी जिथं रेंज आहे तिथून. मिसकॉल ठरल्या वेळेत आला नाही तर आई शेजारच्या आखाड्यावर (शेतातल्या वस्तीवर) फोन लावते. तो नंबर फोनमध्ये तर आहेच, भिंतीवर कोळशानं मोठा लिहिलेला पण आहे.

ज्यांच्याकडं सौर पंप आलाय किंवा फिडर सौरवर गेलाय त्यांचं रात्रीचं जाणं सुटलं. आमच्या शिवारात अजून नाही.

रेणाकाठची (लातूर)

बॅटरीची खूण फारच आवडली. आत्याबाईंना ही लगेच कळेल. भाऊजींना आज रात्री दाखवते हा प्रतिसाद.

आजोबा, तुमची बैठक आम्ही पण करू. मामंजींना पंचांग उत्तम येतं आणि त्यांना विचारायला कुणी जातच नाही आता. त्यांच्याकडं हे काम गेलं तर त्यांनाही बरं वाटेल.

नळदुर्गी (धाराशिव)

थोडं वेगळं बोलते, राग मानू नका.

फळा, कॅलेंडर, बैठक, सगळं छान. पण मी बघितलेल्या घरांत असं होतं की फळा पुसायचं, नवीन आठवडा लिहायचं, पेन आणायचं, 'लिहा रे' म्हणून मागं लागायचं, हे एक नवीन काम त्याच बाईच्या अंगावर पडतं. आधी डोक्यात होतं, आता डोक्यात आणि भिंतीवर दोन्हीकडं. तुमच्या घरी फळा कोण पुसतं, ते सांगाल का?

दुसरं त्याहून मोठं. माझ्या मैत्रिणीच्या सासरी अशीच वही सुरू झाली, 'घराची वही'. सुनेनं बाहेर जाताना लिहायचं, कुठं, किती वाजेपर्यंत. दीर मात्र न लिहिता जायचा, सासरे न लिहिता जायचे. त्यांना विचारायची कुणाची छाती नव्हती. सहा महिन्यांत ती वही म्हणजे तिची हजेरी झाली. "वहीत पाचला येते लिहिलं होतंस, साडेपाच कसे झाले?" घरातला संवाद वाढावा म्हणून सुरू झालेली गोष्ट तिच्या पायातली बेडी झाली. म्हणून मी म्हणते, सगळ्यात आधी घरातल्या कर्त्या पुरुषानं स्वतःची ओळ लिहावी. रोज. त्यानं लिहिली नाही तर कुणावरही सक्ती नाही.

तिसरं, भिंतीवर काय लिहू नये हेही ठरवा. मुलगी क्लासहून किती वाजता एकटी परत येते, घर कोणत्या तारखेला बंद असणार, पोरीची पाळी, कुणाच्या तपासण्या. दूधवाल्यापासून पाहुण्यांपर्यंत सगळे ती भिंत वाचतात.

वाळूजकर (छत्रपती संभाजीनगर)

दुसऱ्या मुद्द्याला पूर्ण अनुमोदन. मी माझी पाळी लिहितो पण पाळी सुटल्यावर मित्रांसोबत कुठं थांबलो ते लिहीत नाही, हे तुमचं वाचून लक्षात आलं. बायको मात्र भाजीला गेली तरी लिहिते. आजपासून मीही लिहितो.

बालाघाट (बीड)

मी शिक्षक आहे, गाव सांगत नाही. आमच्याकडं दसऱ्यानंतर निम्मं गाव रिकामं होतं. कोयता घेऊन आईबाप ऊसतोडीला कारखान्याकडं जातात, कुणी सांगली-कोल्हापूरकडं, कुणी कर्नाटकात, आणि पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, पोरं आजीजवळ. या धाग्यावर सगळे एका छताखालच्या घराचं बोलताय. ज्यांचं घर पाच-सहा महिने दोन ठिकाणी असतं त्यांचंही थोडं ऐका, कारण त्यांनी जे शोधलंय ते सगळ्यांच्या कामाचं आहे.

आईबापाची वेळ ठरलेली नसते. गाडी कधी भरायची ते ट्रक कधी येतो त्यावर, कधी मध्यरात्री, कधी पहाटे. म्हणून 'रोज सात वाजता फोन' असं ठरवलं की चार दिवसांत मोडतं आणि पोरगं रुसून बसतं. त्यावर माझ्या वर्गातल्या एका मुलीच्या आईनं उपाय काढला तो सांगतो. मुलगी शाळेतून आली की आजीच्या फोनवरून व्हॉट्सअपवर बोलून निरोप पाठवते. आज काय शिकवलं, काय खाल्लं, आजीचा गुडघा कसा आहे, दळण आणलं का. आई कोपीवर (तिथल्या झोपडीवर) आली, फोन चार्ज झाला, की ऐकते आणि तिच्या वेळेला उत्तर बोलून ठेवते. मुलगी सकाळी उठून आईचा आवाज ऐकते आणि शाळेत येते. दोघींची वेळ जुळायची गरजच उरली नाही. आजीला लिहिता-वाचता येत नाही, पण बटण दाबून बोलता येतं, ऐकता येतं. आजी पण आता त्यातच लेकाला सांगते, शेळी व्याली, रेशनचं आलं, पोरगी खोकते.

रेणाकाठच्या ताई, तुमच्या आत्याबाईंना फळ्याच्या बाहेर ठेवू नका. संध्याकाळी घरातल्या एकानं फळा मोठ्यानं वाचून त्याचा निरोप घरच्या गटात बोलून टाकावा. आत्याबाई ऐकतील, आणि त्यांना जे दिसलं ते त्याच गटात बोलून सांगतील. दिवसभर घरात असणारं माणूस सगळ्यात जास्त बघतं. त्याचं बोलणं नोंदीत आलं पाहिजे.

अजून एक शिक्षक म्हणून. पोरांना सगळं कळतं. आई कधी येणार हे त्यांना खरं सांगावं. 'येईल लवकर' सांगितलं की पोरगं रोज फाट्यावर जाऊन बसतं. कारखाना कधी बंद होईल ते नक्की सांगता येत नाही, हेही त्याला सांगावं. एका मुलाच्या आजीनं घरात ज्वारीच्या कणसांची जुडी टांगली होती आणि महिना संपला की एक कणीस काढायची. नेमकी तारीख कुणालाच माहीत नव्हती, पण दिवस सरतायत हे पोराला दिसत होतं.

सेलूचे आजोबा (परभणी)

गुरुजी, वाचून डोळे भरून आले. असंच लिहीत राहा.

उपकेंद्र (परभणी)

आरोग्य खात्यात आहे, म्हणून दोन-तीन गोष्टी फळ्यावर कायमच्या लिहून ठेवा असं सांगते.

आपल्याकडं पाणी साठवल्याशिवाय चालत नाही. पण डेंग्यूचा डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो आणि अंड्यापासून उडणारा डास व्हायला साधारण आठ ते दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एकदा प्रत्येक भांडं, रांजण, हौद, कूलरची टाकी रिकामी करून, घासून, कोरडी करायची. 'कोरडा दिवस' म्हणतात तो हाच. नळाला पाणी आठवड्यापेक्षा उशिरा येत असेल तर सगळं एकदम रिकामं करणं शक्य नसतं. तेव्हा दोन गट करा, आज हे रांजण, तीन दिवसांनी ती टाकी, आणि उरलेल्यांवर घट्ट झाकण किंवा कापड बांधा. नळाचा दिवस लिहिता त्याच्या शेजारी कोणतं भांडं घासायची पाळी आहे ते आणि कोण घासणार त्याचं नाव लिहा.

बाळ असेल तर लसीच्या तारखा कार्डावरून फळ्यावर उतरवा. दीड महिना, अडीच महिने, साडेतीन महिने या तीन लागोपाठच्या बहुतेकांच्या लक्षात राहतात. नऊ महिन्यांची आणि त्यानंतर सोळा ते चोवीस महिन्यांमधली, या दोन चुकतात, कारण मध्ये मोठा खंड पडतो.

आणि नंबर मोठ्या अक्षरात: रुग्णवाहिका १०८, गरोदर माय आणि तान्ह्या बाळासाठी १०२, पोलीस किंवा कोणतीही अडचण ११२, गॅस गळती १९०६. घरातल्या सगळ्यात लहान पोराला वाचून दाखवा आणि त्याच्याकडून म्हणून घ्या.

अकरावीतला (नांदेड)

मी घर सोडून इथं क्लासला आलोय, रूमवर राहतो. मोठे लोक बोलायलेत तिथं बोलतोय, पण पोराची बाजू पण यावी.

आई दिवसातून चार फोन करते. जेवलास का, क्लास झाला का, परत जेवलास का. तिची काळजी मला कळते, पण टेस्टच्या मधे फोन वाजला की लक्ष उडतं आणि मी उचलला नाही की ती घाबरते. मग मी आठवड्याचं वेळापत्रक कागदावर लिहून फोटो पाठवला आणि घरच्या गटात तो पिन केला. व्हॉट्सअपमध्ये पिन केलेला निरोप चोवीस तास, सात दिवस किंवा तीस दिवस वर राहतो, मी सात दिवसांचा करतो, रविवारी नवीन. त्यात 'फोन करा' असे दोन वेळ मी स्वतः लिहिलेत. आता आई त्याच वेळेला करते आणि मी तेव्हा निवांत बोलतो. आधीच्या चार फोनपेक्षा आता जास्त बोलणं होतं आमचं.

ताईंच्या मुलाला पण फळ्यावर स्वतःचा एक कोपरा द्या, तिथं त्यालाच लिहू द्या. टेस्ट कधी आणि त्याच्या आदल्या दिवशी घरात पाहुणे नकोत, एवढं तरी. आमच्यासारख्यांना हे तोंडानं सांगता येत नाही. काका-काकू आले तर कसं म्हणणार?

आणि मार्क मात्र फळ्यावर लिहू नका. कृपा करून.

नळदुर्गी (धाराशिव)

बाळा, अगदी बरोबर. मार्कांचं मी माझ्या यादीत घालते, भिंतीवर काय लिहायचं नाही त्यात.

रेणाकाठची (लातूर)

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. काल रात्री जेवणं झाल्यावर हा धागा घरात मोठ्यानं वाचला. काय काय ठरलं ते सांगते.

नळदुर्गीताई, तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर, फळा आजवर मीच पुसत होते. आता शनिवारी रात्री फळा पुसायचं आणि नवीन आठवडा मांडायचं काम फिरतं राहणार. पहिल्या आठवड्यात हे, मग भाऊजी, मग मुलगा, मग मी. यांनी वाचता वाचता तुमच्या मैत्रिणीची वही परत एकदा वाचायला लावली आणि मग स्वतःहून म्हणाले, "माझी ओळ सगळ्यात वर लिहायची." मामंजी पण लिहिणार आहेत, देवळात जातात आणि पारावर बसतात ते. त्यांच्या ओळीला वेळ नाही, फक्त जागा. तेवढं पुरे, फोन ते घरीच विसरतात.

मुलीची यायची वेळ आणि घर बंद असण्याच्या तारखा भिंतीवरून काढल्या. त्या फोनमधल्या कॅलेंडरवर गेल्या. मुलाला कोपरा दिला. त्यानं लगेच तीन रविवार बंद केले. त्यातल्या एका रविवारी माझ्या माहेरची मंडळी यायची होती. मी आईला फोन करून पुढच्या रविवारी या म्हणाले. आई म्हणाली, "बरं झालं सांगितलंस, आम्हाला पण तो रविवार अडचणीचाच होता, तुला वाईट वाटेल म्हणून बोललो नव्हतो."

भाऊजींनी बॅटरी टांगली आहे. आत्याबाईंनी दोनदा विचारून घेतलं, दारावर म्हणजे रात्री, आत म्हणजे दिवसा. मग स्वतःच एक भर घातली. नळ येऊन गेला की त्या देवळीत (कोनाड्यात) तांब्या उपडा ठेवणार आणि पाणी संपत आलं की सुलटा. टाकीत वाकून बघायचं काम त्याच करतात, आम्हाला कुणाला पत्ताच नसतो.

बोलून निरोप टाकायचं काम मुलीनं मागून घेतलं. रोज संध्याकाळी ती फळा वाचते.

एक प्रश्न अजून बाकी आहे. महालक्ष्म्या गावी मांडायच्या का लातुरात, यावर तिन्ही भावांच्या घरी दरवर्षी शेवटच्या आठवड्यापर्यंत काहीच ठरत नाही. मोठे भाऊजी पुण्याला, त्यांना रजा आधी टाकावी लागते. त्यांना कधी आणि कसं विचारावं?

वाळूजकर (छत्रपती संभाजीनगर)

आमच्याकडं चार घरं आहेत. गटात मतदान टाकतो, व्हॉट्सअपवर आहे ती सोय. पण महालक्ष्म्या कुठं मांडायच्या हे मतदानात ठेवत नाही, ते आई ठरवते. मतदानात फक्त एवढंच: कोण आवाहनालाच येणार, कोण पूजनाच्या दिवशी, कोण मुक्कामी राहणार. आणि उत्तर द्यायची शेवटची तारीख पोळ्याच्या आधीची ठेवतो. त्यानंतर सामान, पुरणाचा अंदाज आणि माझा रजेचा अर्ज, तिन्ही त्यावर.

सेलूचे आजोबा (परभणी)

ज्या वर्षी अधिक महिना असेल त्या वर्षी रजेची तारीख नव्या दिनदर्शिकेवर बघूनच सांगा लेकीनो. थोरल्या भावजींना फोन मामंजींनी करावा, तुम्ही करू नका. त्यांच्या शब्दाला नाही म्हणणार नाहीत.

रेणाकाठची (लातूर)

फळ्यावर लिहिलं. 'पुण्याला फोन, रविवारी सकाळी, मामंजी.'